‘स्मृतिभ्रंश’ ही संज्ञा आणि मेंदूचे चित्र : एक चिकित्सा

लॅटिनमधील ‘डिमेन्शिया’ या शब्दात स्मृतीचा कोठेही निर्देश नाही. ‘मेन्स’ म्हणजे मन अथवा बुद्धी, आणि ‘डे’ हा उपसर्ग तिच्यापासून ढळणे दाखवितो. हिंदीने या संज्ञेसाठी ‘मनोभ्रंश’ हा शब्द घेतला. तो मूळ अर्थाला धरून आहे. मराठीत मात्र ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ झाला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरंड सांगितली आहे, तिच्यात स्मृतीच्या भ्रंशाची एक पायरी येते. त्यामुळे हा शब्द मराठी कानाला परका वाटला नसावा. शब्द सुबक आहे, उच्चारास सोपा आहे, आणि ‘वेड’ या शब्दाला चिकटलेला कलंक त्याला नाही. त्याचा दोष एकच, पण तो मोठा आहे. रोग म्हणजे विसरणे, असा निर्णय तो रुग्णाला पाहण्यापूर्वीच देऊन टाकतो.

अल्झायमरच्या रोगापुरता हा निर्णय बव्हंशी खरा ठरतो. नव्या आठवणी साठविण्याचे काम करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग तेथे आरंभीच झिजू लागतो, आणि सकाळी घडलेली गोष्ट दुपारी हरपते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाने हेच चित्र मराठी प्रेक्षकांच्या मनावर ठसविले. डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित आहेत; ते हत्तीमागून चालत जातात आणि हरवतात. चित्रपटाने जे दाखविले त्यात वैगुण्य काढण्याचे कारण नाही. माहुताची कानडी बोलणारी बायको त्या पंडिताला ज्या सहजतेने आपलेसे करते तो भाग तर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. परंतु एका रोगाचे चित्र सर्व रोगांचे चित्र होऊन बसले म्हणजे अडचण उत्पन्न होते. ‘घरचा रस्ता आठवतो ना, मग हा रोग नव्हे’, हे अनुमान त्या चित्रातूनच निघते.

ज्या विकारगटाविषयी हे अनुमान सर्वस्वी फसवे ठरते त्याचे नाव फ्रॉण्टोटेम्पोरल डिमेन्शिया. कपाळामागील ललाटखंड आणि कानशिलामागील शंखखंड यांची त्यात क्रमशः झीज होते, म्हणून त्याला येथे ‘ललाट-शंखखंडीय विकार’ म्हटले आहे. अनेकांना तो पन्नाशीत व साठीच्या आसपास, म्हणजे संसाराचा व नोकरीचा भार खांद्यावर असतानाच गाठतो. रत्नावली व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली इंग्लंडमधील केंब्रिज परिसराची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ४५ ते ६४ या वयोगटात या विकाराचे प्रमाण लाखात १५ आढळले, आणि त्याच वयोगटातील अल्झायमरच्या रोगाचे प्रमाणही तेवढेच होते.

या विकाराचा इतिहास स्मृतीपासून सुरू होत नाही, भाषेपासून सुरू होतो, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये ७१ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. निबंधाचा विषय होता वार्धक्यातील मेंदूची झीज आणि वाचाघात यांचा संबंध. म्हातारपणी मेंदू सगळीकडून सारखाच आक्रसतो, अशी त्या काळची समजूत होती. पिक यांनी दाखविले ते असे की, झीज एका ठिकाणी, डाव्या शंखखंडावर, विशेष झालेली असू शकते, आणि रुग्णाची वाचा ज्या रीतीने गेली ती रीत त्या ठिकाणाशी जुळते. रुग्ण बोलत असताना त्याची भाषा तपासायची आणि तो गेल्यावर त्याचा मेंदू पाहायचा, एवढीच साधने त्यांच्या हाती होती. १९८२ मध्ये मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांचे वर्णन केले, त्यांतही भाषा वर्षानुवर्षे खालावत होती आणि बाकीची बुद्धी बराच काळ शाबूत होती.

आज रुग्ण जिवंत असतानाच मेंदू पाहता येतो. एम. आर. आय. हे रचनेचे चित्र. ललाटखंडाच्या व शंखखंडाच्या पुढील टोकाच्या वळ्या पातळ होतात, त्यांमधील खाचा रुंदावतात, आणि रोग पुढे गेल्यावर त्या वळ्या सुरीच्या पात्यासारख्या दिसू लागतात. संशोधनात एवढ्यावर भागत नाही. सगळ्या मेंदूचे अतिसूक्ष्म घन भाग पाडून प्रत्येक भागातील करड्या द्रव्याचे प्रमाण मोजतात, आणि रुग्णांची सरासरी निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडून पाहतात. गोर्नो-टेम्पिनी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये क्रमवर्धी वाचाघाताचे ३१ रुग्ण याच पद्धतीने तपासले. त्यातून जे प्रकार पुढे आले त्यांना २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान मिळाले. पहिल्या प्रकारात बोलणे अडखळते व व्याकरण मोडते. झीज डाव्या ललाटखंडाच्या मागील भागात व त्यालगतच्या इन्सुलात असते. दुसऱ्यात बोलणे ओघवते राहते पण शब्दांचे अर्थच विझत जातात. तेथे डाव्या शंखखंडाचे पुढील टोक झिजलेले असते. तिसऱ्यात शब्द सुचत नाहीत आणि ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणता येत नाही. त्याची खूण आणखी मागे, शंखखंड व पार्श्वखंड यांच्या सांध्यापाशी आढळते, आणि त्याच्या मुळाशी बहुधा अल्झायमरचाच रोग असतो. बाहेरून तिन्ही रुग्णांविषयी घरचे लोक एकच वाक्य बोलतात : ‘यांना बोलता येईनासे झाले.’

कार्याचे चित्र निराळे. पेट या चित्रणात किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेले ग्लुकोज शरीरात सोडतात आणि मेंदूचा कोणता भाग ते किती वापरतो हे पाहतात. वळ्या अद्याप भरलेल्या दिसत असताना त्यांचे काम मंदावले आहे, हे या चित्रात पुष्कळदा आधी कळते. त्या फ्लोरीनचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे आहे. म्हणून जेथे ते तयार होते तेथून रुग्णाचे गाव किती दूर, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा न राहता भूगोलाचाही होतो. विश्रांत अवस्थेत मेंदूचे कोणते भाग एका लयीत काम करतात हे एम. आर. आय. यंत्रानेच मोजण्याची पद्धती आणखी अलीकडची. झोउ, सीली व सहकारी यांच्या २०१० च्या अभ्यासात वर्तन बिघडलेल्या रुग्णांच्या मेंदूत, महत्त्वाचे काय आणि दुर्लक्ष करण्याजोगे काय हे ठरविणारे जाळे शिथिल झालेले दिसले, तर आठवणींशी निगडित असलेले जाळे उलट घट्ट झालेले दिसले. अल्झायमरच्या रुग्णांत याच्या नेमके विरुद्ध आढळले. स्मृती हा या विकाराचा गाभा नव्हे, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

तथापि हा पुरावा कितपत ताणावा, याचा विवेक ठेवला पाहिजे. त्या अभ्यासात प्रत्येक गटात १२ माणसे होती. गटांच्या सरासरीत दिसणारा भेद समोर बसलेल्या एका माणसाच्या चित्रात दिसेलच असे नाही. रंगीत ठिपक्यांची चित्रे पाहताना ही गोष्ट नेमकी विसरली जाते. शिवाय काही रुग्णांचे वर्तन हुबेहूब या विकारासारखे असते, पण त्यांची चित्रे निर्दोष असतात आणि वर्षे लोटली तरी ते खालावत नाहीत. २०११ मध्ये रास्कॉव्हस्की व सहकाऱ्यांनी वर्तनविकाराचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत ‘शक्य’ आणि ‘संभाव्य’ अशा दोन पायऱ्या ठेवल्या आहेत त्या यासाठीच. संयम सुटणे, औदासीन्य, सहानुभूतीचा लोप, त्याच त्या कृतींचा ध्यास, खाण्याच्या सवयींतील पालट, आणि स्मृती तुलनेने शाबूत असून योजकशक्ती ढासळणे, या सहांपैकी तीन लक्षणे आढळली तर निदान ‘शक्य’. दैनंदिन व्यवहार खालावला आणि चित्रानेही साक्ष दिली तर ते ‘संभाव्य’. म्हणजे चित्राचे स्थान दुसरे आहे. पहिली पायरी कोणीतरी रुग्णाला पाहून आणि त्याचे ऐकूनच चढावी लागते. ऐकणाऱ्याला काय ऐकायचे हे ठाऊक नसेल तर यंत्रापर्यंत रुग्ण पोहोचतच नाही, अथवा भलत्याच चिठ्ठीसह पोहोचतो. वूली व सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे २०११ मध्ये केलेल्या पाहणीत या वर्तनविकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांना आधी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराचे निदान मिळालेले होते.

आता हीच पायरी कोल्हापुरात, आणि त्यातही शिवाजी पेठेत, कशी चढली जाईल याचा विचार करावा. पेठ म्हणजे केवळ वस्ती नव्हे, बोलण्याचे आणि वागण्याचे ते एक वळण आहे. तालमी, तरुण मंडळे, फुटबॉलचे सामने, निवृत्ती चौकातील अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळची वर्दळ या सर्वांत मोकळ्या, चढ्या आवाजातील, प्रसंगी शिवराळ बोलण्याला आपुलकीचे स्थान आहे. मित्राला शिवी हासडून हाक मारणे हे येथे संयम सुटल्याचे लक्षण नव्हे. परगावच्या तपासनिसाने निकषांची यादी हातात धरून येथील एखाद्या निरोगी वृद्धाला प्रश्न विचारले, तर ‘असभ्य भाषा’ या सदरात खूण करण्याचा मोह त्याला होईल. उलट बाजूही तितकीच खरी. एखादा मितभाषी, हिशेबी दुकानदार वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एकाएकी मोठ्याने बोलू लागला, दुसऱ्याच्या ताटातले उचलू लागला, रक्षाविसर्जनाच्या ठिकाणी हसला, अशी कल्पना केली तर कट्ट्यावर त्याचे स्वागतच होईल. ‘आता खरा पेठेतला झाला’, असे लोक म्हणतील. तो रंकाळ्यावर जातो, परत येतो, कोणाकडून किती येणे आहे हे त्याला पाठ असते. स्मृतिभ्रंशाची शंका कोणास का यावी? निकषात अभिप्रेत असलेली तुलना पेठेच्या सरासरीशी नसते, कोशातील सभ्यतेशीही नसते. ती त्याच माणसाच्या दहा वर्षांपूर्वीच्या रूपाशी असते. आणि ते रूप ठाऊक असणारी माणसे चित्राच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली असतात.

घरात मात्र हाच पालट विनोदाचा राहत नाही. तेथे लोकभाषा आपला शब्द पुढे करते : म्हातारचळ. हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. पंडितांच्या ‘स्मृतिभ्रंशा’पेक्षा तो लक्षणाच्या कितीतरी जवळ जातो, कारण चळणे म्हणजे विसरणे नव्हे, वर्तनाची चाकोरी सोडणे होय. परंतु तो वर्णन करीत नाही, आरोप करतो. एका हाताशी असलेला शब्द दोषमुक्त करतो पण रोग चुकीचा सांगतो. दुसरा रोग ओळखतो पण रुग्णाला आरोपी करतो. या दोन शब्दांच्या मध्ये जो माणूस सापडतो त्याची नोकरी जाते, दुकानाच्या वाटण्या होतात, बायको माहेरी जाते, आणि इन्सुलातील झीज बोधचिन्हासारखी चित्रावर उमटते ती या सर्वानंतर.

वर्तनविकाराची ही कथा झाली. वाचाविकारात भाषाशास्त्राचा संबंध याहून थेट येतो, आणि तेथे मराठीपुरते उणे अधिक आहे. व्याकरण मोडणाऱ्या प्रकाराचे पाठ्यपुस्तकी वर्णन इंग्रजीवरून आलेले आहे : प्रत्यय गळतात, धातू उघडे पडतात. मराठीत धातू असा उघडा पडू शकत नाही. ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यातील क्रियापदाचा प्रत्यय काढला तर जे उरते तो मराठी शब्दच नव्हे. ज्या भाषांची घडण अशी आहे त्यांत प्रत्यय गळण्याऐवजी बदलतात. एका लिंगाच्या जागी दुसरे येते, सामान्यरूप चुकते. मेन आणि ऑब्लर यांनी १९९० मध्ये चौदा भाषांतील अव्याकरणी वाचाघाताचा जो संग्रह सिद्ध केला त्यात हे प्रकर्षाने दिसून आले. त्या चौदांत हिंदी आहे, मराठी नाही. तेव्हा मराठी रुग्णात व्याकरणाचा बिघाड शोधायचा तो लिंगवचनाच्या जुळणीत, ‘ने’ असलेल्या कर्मणि प्रयोगात आणि सामान्यरूपात शोधला पाहिजे, हे उघड आहे.

पण येथेच कोल्हापूर आडवे येते. येथील स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो होतो’ अशी रूपे सहज वापरतात. प्रमाण मराठीच्या मापाने ही लिंगाच्या जुळणीची चूक आहे. पेठेतील स्त्रीच्या तोंडी ती तिची मातृभाषा आहे. शिवाजी पेठेतील साठ वर्षांची एखादी बाई ‘मी काल देवळात गेलो’ म्हणाली, आणि प्रमाण मराठीत घडविलेल्या चाचणीत तिचा एक गुण कापला गेला, तर तो कापणाऱ्याने बोलीभाषेला रोग ठरविले. हीच बाई ‘माझी सून काल आला’ म्हणाली तर मात्र कान टवकारले पाहिजेत, कारण अन्य व्यक्तीविषयी ही मुभा तिच्या बोलीत नाही. दोन वाक्ये, वरवर एकच चूक; पहिलीत काहीच नाही, दुसरीत कदाचित् डाव्या ललाटखंडाची बातमी आहे. पुनरुच्चाराच्या चाचणीतही हेच. ‘मी जेवत आहे’ हे वाक्य ऐकवून पुन्हा म्हणावयास सांगितले आणि ‘मी जेवालोय’ असे उत्तर आले, तर शब्दशः पाहता पुनरुच्चार चुकला. वस्तुतः त्या माणसाने वाक्याचा अर्थ घेतला, तो क्षणभर धरून ठेवला आणि आपल्या बोलीत परत दिला. तिसऱ्या प्रकारातील रुग्णाला न जमणारी गोष्ट त्याने करून दाखविली, आणि गुण मात्र गमावला.

अर्थ विझण्याच्या प्रकारात अडचण वेगळी आहे. त्याचे एक प्रसिद्ध लक्षण वाचनात दिसते. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांचा मेळ नसल्यामुळे, शब्दाचा अर्थ हरपला की उच्चारही हरपतो, आणि ‘पाइंट’ असा शब्द रुग्ण अक्षरांवरून ‘पिंट’ असा वाचतो. २०११ च्या वर्गीकरणात या लक्षणाला स्थान आहे. देवनागरीत अक्षरांवरून उच्चार बहुतेक निश्चित होत असल्याने मराठी रुग्ण अखेरपर्यंत अस्खलित वाचीत राहील आणि हे लक्षण नाही म्हणून गणना होईल. तरीपण मराठी लिपीत अशी एक फट आहे. च, ज आणि झ या अक्षरांना प्रत्येकी दोन उच्चार आहेत, आणि कोणता घ्यायचा हे अक्षर सांगत नाही, शब्दाची ओळख सांगते. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि ‘जराजर्जर’ यातील ‘जरा’ लिहिताना एक, उच्चारताना दोन. चार आकडा आणि गुराला चारा चार म्हणताना येणारा ‘चार’, ही दुसरी जोडी. ज्याच्या मनातून अर्थ निघून गेला तो अशा जोडीत एकच उच्चार सरसकट वापरील, अशी अपेक्षा करण्यास आधार आहे. परदेशी चाचणीचे भाषांतर करून ही फट कधीही सापडणार नाही; ती मराठीच्या वर्णव्यवस्थेतूनच सुचू शकते. अर्थात् त्या त्या वक्त्याच्या बोलीत हा उच्चारभेद मुळात पाळला जातो की नाही, हे आधी पाहावे लागेल.

चित्रे दाखवून नावे विचारण्याच्या चाचणीविषयी थोडक्यात सांगता येईल. बॉस्टन येथे तयार झालेल्या प्रसिद्ध संचात ६० चित्रे आहेत, आणि त्यांत बर्फाचे घर, बीव्हर हा प्राणी असल्या वस्तू येतात. त्यांची नावे न येणे हे पेठेत आरोग्याचेच लक्षण मानावे. आयुष्यभर गुऱ्हाळाशी संबंध असलेल्या माणसाला काहील दाखवावी. त्याने ‘भांडे’ म्हटले तर ते एक चिन्ह. आणि त्याने शांतपणे, कसलीही घालमेल न होता, ‘काहील म्हणजे काय?’ असा उलट प्रश्न केला, तर या प्रकाराचे याहून स्पष्ट चिन्ह नाही. शब्द ओठांवर येऊन अडणे आणि शब्दच परका होणे यांतील हा भेद कोणत्याही यंत्राआधी कानाला कळतो. वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये या प्रकारच्या अर्थलोपाचे जे पहिले काटेकोर विवेचन केले तेही अशाच प्रश्नोत्तरांच्या बळावर.

भारतात या दिशेने काम झालेले नाही असे नाही. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी हैदराबाद येथील रुग्णांच्या आधारे २०१३ मध्ये दाखविले की, द्विभाषिकांत डिमेन्शियाचा आरंभ सुमारे साडेचार वर्षे उशिरा होतो. २०१७ मध्ये त्यांनी ललाट-शंखखंडीय विकाराचे १९३ रुग्ण घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. वर्तनविकारात हा विलंब सुमारे सहा वर्षांचा निघाला. वाचाविकारात मात्र द्विभाषिकतेचे हे संरक्षण आढळले नाही. मराठी-कानडी सीमेवरील जिल्ह्याला या निष्कर्षाचे महत्त्व निराळे समजावून सांगावयास नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने बौद्धिक चाचण्यांचा जो संच तयार झाला त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ते हिंदी, बंगाली, तेलुगु, कानडी आणि मल्याळम या पाच भाषांतील होते. पंचगंगेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे पाहिले तर पलीकडची भाषा त्या यादीत होती, अलीकडची नव्हती.

संज्ञेचा प्रश्न शेवटी उरतोच. ‘मनोभ्रंश’ स्वीकारावा, असा एक मार्ग आहे; तो सोयीचा आहे, पण ढोबळ आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रज्ञापराधाचे विवेचन आहे. तेथे धी, धृति आणि स्मृति या तिघींचा भ्रंश वेगवेगळा सांगितला आहे, आणि अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरून धरणे हे धृतीचे कार्य मानले आहे. चरकाला हा रोग ठाऊक होता, असा अभिमानी निष्कर्ष यातून काढणे अडाणीपणाचे होईल. परंतु स्मृती आणि संयम या दोन निरनिराळ्या शक्ती असून एक शाबूत असताना दुसरी ढळू शकते, हा भेद भाषेला फार पूर्वी करता येत होता आणि आजच्या मराठीने तो एका शब्दात गिळून टाकला, एवढे म्हणता येते. ‘धृतिभ्रंश’ हा शब्द वर्तनविकाराला शोभण्यासारखा आहे. त्याला एक आक्षेप आहे, तो असा की, ज्या प्रकरणातून तो येतो त्याच्या नावातच ‘अपराध’ आहे, आणि म्हातारचळाचा आरोप संस्कृत वेशात परत येण्याचा धोका त्यात राहतो. अर्थ विझण्याच्या प्रकाराला ‘अर्थलोप’ आणि व्याकरण मोडण्याच्या प्रकाराला ‘अव्याकरणी वाचाघात’ म्हणण्यास मात्र कोणतीच हरकत दिसत नाही.

चित्रासोबत रुग्णाच्या बोलण्याचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि त्याच्या बोलीत लिहून काढलेली संहिता जोडली जावी, ही मागणी खर्चाची नाही. परंतु ती संहिता वाचण्यासाठी तुलनेला दुसरी संहिता लागते : पन्नाशी, साठी, सत्तरीतल्या निरोगी स्त्रीपुरुषांची, याच पेठेतली, घरच्या विषयांवरची, ‘मी आलो’ आणि ‘मी जेवालोय’ जशीच्या तशी ठेवलेली. ते काम रुग्णालयाचे नाही. ते मराठीच्या आणि भाषाशास्त्राच्या विभागांचे आहे, आणि त्यासाठी लागणारे वक्ते संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी बसलेले असतात.